राखाडी आणि करडा

इंग्रजीतल्या 'ग्रे'ला मराठीत काय म्हणतात, असे कोणी विचारले तर एका शब्दात उत्तर देणे मला जमत नाही. राखाडी म्हणावे तर राख आठवते, धुरकट म्हणावे तर धूर. धूसरमध्ये धूळ आहे; आणि पारव्या रंगात तर तो पक्षीच पंख मिटून बसलेला आहे. हा रंग कशाचा, हे सांगितल्यावाचून आपल्या भाषेला त्याचे नाव घेता येत नाही. या रांगेत करडा तेवढा निराळा. पिकू लागलेल्या केसांना आपण करडे म्हणतो, आणि जिच्यापुढे खोटे बोलवत नाही त्या नजरेलाही करडीच म्हणतो. हा योगायोग असेलही. पण विचाराला तो मोठा उपयोगी पडतो.

आमच्या बीड जिल्ह्यात परळीला वैजनाथाचा भक्त कपाळी भस्म लावतो. त्याच परळीच्या, १९७१ साली सुरू झालेल्या औष्णिक वीजकेंद्राची राख वाऱ्याबरोबर उडते आणि घरांवर, पिकांवर बसते. रंग पाहू गेले तर दोन्हींचा एकच. फरक कळतो तो काय जळले आणि कोणासाठी जळले, हे विचारल्यावर.

हल्ली 'ग्रे' हा शब्द रंगापेक्षा नीतीच्या संदर्भातच अधिक कानी पडतो. माणूस सर्वस्वी काळा नसतो, सर्वस्वी पांढराही नसतो, हे खरेच आहे आणि ते कळणे हे शहाणपणच आहे. परंतु या शहाणपणाचा आडोसा फार सोयीचा असतो. 'प्रकरण जरा ग्रे आहे' असे म्हटले की पुढे काही विचारण्याची जबाबदारी संपते.

२०१९ साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची सरकारी पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या प्रकरणात दोषी कोण, असे विचारू लागले म्हणजे राखाडी धुके दाटू लागते. डॉक्टर म्हणतात, बाईनेच आग्रह धरला. बाई म्हणते, पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर दंड भरायचा कुठून? मुकादम म्हणतो, मी कोणाला दवाखान्यात नेले नाही. उचल दिली आहे, तेवढे काम मागतो. कारखाना म्हणतो, आमचा व्यवहार मुकादमाशी. यातल्या प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडे सत्य आहे, आणि म्हणूनच ते अंगावर काटा आणणारे आहे. थोड्याथोड्या सत्यांची बेरीज होता होता एका बाईचा अवयव जातो आणि कोणाच्याच हाताला रक्त लागत नाही.

अशा वेळी मला राखाडी आणि करडा या दोन शब्दांतले अंतर जाणवते. राखाडी हा वस्तूचा रंग झाला. करडेपणा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत असावा लागतो. परिस्थिती जितकी मिश्र, तितकी नजर अधिक करडी हवी. करडी म्हणजे निर्दय नव्हे. निर्दय नजर सगळ्यांना एकाच मापाने मोजते. करडी नजर वाटे वेगळे करते: दंड ठरवणाऱ्याचा वाटा किती, शस्त्रक्रियेचे पैसे घेणाऱ्याचा किती, स्वस्त साखर खाणाऱ्या माझा किती. दोष अनेकांत वाटला गेला म्हणून तो कमी होत नाही. हिशेब तेवढा लांबतो. आणि लांबलेला हिशेब पुरा करण्याचा कंटाळा आला, की त्या कंटाळ्यालाच आपण समंजसपणा म्हणू लागतो.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास आमच्याकडच्या कोयत्यांच्या जोड्या बिऱ्हाड बांधून कारखान्यांच्या वाटेला लागलेल्या असतील. पुढचे काही महिने फडात पाचट जळेल, राख उडेल. ती कोणत्या रंगाची आहे, हे कोणालाही दिसेल. ती कशाची आहे, एवढे विचारायला आपल्या भाषेने आपल्याला शिकवलेले आहे.