बोटाला लागलेला चेंडू

कुणी विचारलेच नाही, तर गप्प राहणे म्हणजे खोटे बोलणे ठरते का? हा प्रश्न आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात पडला नाही. तो पडला व्हॉलीबॉलच्या मैदानावर, पाचव्या सेटमध्ये, 13-13 अशी बरोबरी असताना.

आम्ही म्हणजे एका महाविद्यालयाचा मुलींचा संघ. गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. आज आमच्यापैकी कुणी शिक्षिका आहे, कुणी परिचारिका, कुणी घर आणि वाडी सांभाळते. तेव्हा आम्ही बारा जणी होतो. सकाळी सहाला मैदानावर पाणी मारायचे, नेट बांधायचे आणि कॉलेज भरण्यापूर्वी दीड तास सराव करायचा. मनगटे लाल व्हायची, गुडघे सोलवटायचे. नीकॅपचे जोड कमी, म्हणून मैदानातून बाहेर येणारी मुलगी आपले काढून आत जाणारीला द्यायची. घरी आया म्हणायच्या, "उन्हात काळी पडलीस, आता पुरे झाला तो खेळ!" दिवेलागणीच्या आत घरी पोहोचायचे ह्या एका अटीवर आम्हाला खेळायची परवानगी होती.

त्या वर्षी आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचलो. पाचवा सेट 15 गुणांचा असतो. समोरच्या मुलीने जोरात स्मॅश मारला. चेंडू आमच्या ब्लॉकवरून मागे गेला आणि रेषेबाहेर पडला. पंचांनी गुण आम्हाला दिला. 14-13! आता फक्त एक गुण हवा होता. आम्ही एकमेकींना मिठ्या मारल्या.

पण आमची मधली ब्लॉकर जागेवरच उभी होती. तिने हात वर केला आणि आपल्या बोटाकडे खूण केली. "ताई, माझ्या बोटाला लागला," ती कर्णधाराला म्हणाली. ब्लॉकला लागून चेंडू बाहेर गेला, तर गुण मारणाऱ्या संघाचा. कर्णधार क्षणभर थांबली, मग पंचांकडे गेली. निर्णय फिरला. 13-14. पुढची सर्व्हिस आम्हाला उचलता आली नाही. आम्ही 13-15 असे हरलो.

परतीच्या लोकलमध्ये कुणी बोलत नव्हते. मग एकदम सगळ्याच बोलू लागल्या. "पंचांना दिसलं नाही, तो त्यांचा दोष!" "त्यांनी कबूल केलं असतं का?" "दुसऱ्या सेटमध्ये आपला आत पडलेला चेंडू बाहेर दिला, तो कुणी परत केला?"

वाचकहो, हे मुद्दे हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. खेळात पंच नेमलेला असतो, तो ह्याचसाठी. प्रत्येकाने आपापले काम करावे, असे कुणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. शिवाय व्हॉलीबॉलमध्ये फसवणूक तर पावलोपावली असते! लिफ्टर डावीकडे पाहते आणि चेंडू उजवीकडे देते. स्मॅश मारायला उंच उडालेली मुलगी ऐनवेळी चेंडू हलकेच ब्लॉकमागे टाकते. त्याला आपण टाळ्या वाजवतो. मग बोटाला लागलेला चेंडू लपवला, तर काय बिघडले?

आम्ही ह्यावर बराच काळ वाद घातला. हळूहळू एक फरक आमच्या ध्यानात आला. लिफ्टरची हुलकावणी दोन्ही संघांना मान्य असते. ती होणार हे ठाऊक असूनच समोरची मुलगी नेटपाशी उभी असते. पण झालेला फाउल लपवणे कुणीही मान्य केलेले नसते. आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकातही खेळाडूंच्या वर्तणुकीच्या प्रकरणात हे आहे. पंचांचा निर्णय निमूटपणे स्वीकारावा, असे ते सांगते. त्याबरोबरच पंचांवर प्रभाव पाडण्यासाठी किंवा आपल्या संघाचे फाउल झाकण्यासाठी काही करू नये, असेही सांगते. आपण पहिला भाग लक्षात ठेवतो, दुसरा सोयीस्करपणे विसरतो. खरे तर आम्ही मारलेल्या त्या मिठ्यासुद्धा झाकणेच होत्या. निदान जिच्या बोटाला चेंडू लागला, तिच्यासाठी तरी.

हा खेळ 1895 साली अमेरिकेतील होलिओक गावी विल्यम मॉर्गन ह्यांनी सुरू केला. बास्केटबॉलची धक्काबुक्की ज्यांना झेपत नाही, अशा वयस्कर मंडळींसाठी त्यांनी मध्ये जाळे बांधले. त्यामुळे ह्या खेळात अंगाला अंग भिडत नाही. चेंडू बोटाला निसटता लागला, तर त्याची खात्रीची साक्षीदार बहुधा एकच, ज्याचे बोट तो! आता मोठ्या स्पर्धांत कॅमेरे असतात. 2023 च्या व्हॉलीबॉल नेशन्स लीगमध्ये तर आपला फाउल स्वतःहून कबूल करणाऱ्या खेळाडूंना हिरवे कार्ड दाखवून त्यांचा गौरव झाला. चांगली गोष्ट आहे. पण तिथे कबूल केले नाही, तरी पडद्यावर सत्य दिसणारच असते. आमच्या मातीच्या मैदानावर कॅमेरा नव्हता. तिथे होती ती फक्त एका एकोणीस वर्षांच्या मुलीची सद्सद्विवेकबुद्धी.

इथवर उत्तर सोपे आहे. अवघड भाग पुढेच आहे.

आमच्या संघात एक स्मॅशर होती. आमच्यात सर्वांत गुणी तीच. वडील आजारी, आई भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने जायची. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर पुढे रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळण्याची तिला आशा होती. निवड करणारी मंडळी अंतिम सामना पाहायला येणार होती. आम्ही त्या सामन्याला पोहोचलोच नाही. तिचे ते शेवटचे वर्ष होते. लोकलमध्ये ती एकच वाक्य बोलली, "खरेपणा तिचा, आणि किंमत माझी?"

एकीच्या सत्यासाठी दुसरीने का भरावे? स्वतःच्या खिशातून दान देणे वेगळे आणि शेजारणीच्या पदरातून देणे वेगळे, हे कुणीही मान्य करील. पण तो गुण आमचा होता का? नव्हता. चुकून हाती आलेले पाकीट परत केल्याने घरातल्या कुणाचे काही हिरावून घेतले जात नाही, मग घरात कितीही गरज असो. आमच्या ब्लॉकरने स्मॅशरचे काहीही दिले नाही. जे आमचे नव्हतेच, ते तिने परत केले. म्हणून तिने केले ते योग्यच केले, असे आम्ही आजही म्हणतो.

मात्र एवढे म्हणून आम्ही सुटत नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी वर्गात ब्लॉकरचे कौतुक केले. प्राचार्यांनी तिला बोलावून शाबासकी दिली. सत्याचा मान संपूर्ण संघाने मिरवला. आणि स्मॅशर? तिच्या घरी आमच्यापैकी एकही जण गेली नाही. दुसरी एखादी स्पर्धा, दुसरी निवड चाचणी, एखादे शिफारसपत्र, ह्यासाठी कुणी धडपडले नाही. तिने खेळ सोडला हे आम्हाला दोन महिन्यांनी कळले. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्याचीही क्षमा मागतो. आमच्या बाबतीत ते कर्तव्य हेच होते.

अलीकडे गावातल्या एका स्पर्धेच्या निमित्ताने आम्ही काही जणी पुन्हा भेटलो. तीही आली होती. चहा घेताना धीर करून आम्ही विचारले, "अगं, त्या दिवशी तिने गप्प राहायला हवं होतं, असं तुला अजून वाटतं का?"

ती म्हणाली, "नाही गं. पण त्या रात्री स्टेशनपासून घरापर्यंत कुणीतरी माझ्याबरोबर चालायला हवं होतं."

आमच्याकडे उत्तर नव्हते.

व्हॉलीबॉलमध्ये चेंडू कुणालाच धरून ठेवता येत नाही. एकीने घेतलेला चेंडू दुसरीने उचलायचा, तिसरीने मारायचा. जिंकणे सर्वांचे, हे आम्ही पहिल्या दिवसापासून शिकलो. खरे बोलल्यामुळे जे गमवावे लागते, तेही सर्वांचेच असते, हे मात्र शिकलो नाही. घरात, कचेरीत, गावच्या सोसायटीतही हेच घडते. एक जण खरे बोलतो, आपण त्याची वाहवा करतो आणि त्या खरेपणाचा फटका ज्या दुबळ्याला बसतो, त्याला एकट्यालाच घरी जाऊ देतो.

आपल्या मुली आज मैदानावर उतरत आहेत, त्यांना जरूर उतरू द्या. बोटाला चेंडू लागला, तर हात वर करायला त्यांना शिकवा. आणि सामना संपल्यावर एवढेच विचारा, "आज सर्वांत जास्त कुणाचं गेलं? तिच्याबरोबर कोण चाललं?"