शंका आणि तिची परतफेड

आमच्या बीडकडे एखादे पोर पाण्याची घागर उचलताना वाकले, की म्हातारी माणसे चटकन म्हणत, "हायब्रीड पिढी! दुसरे काय?" ज्वारीचे नाव असे शिवी होऊन बसले त्याला आता बराच काळ लोटला. १९६४ साली ‘सीएसएच-१’ हे आपल्या देशातले पहिले संकरित ज्वारीचे वाण आले. कणसे भरघोस, उतारा जुन्या वाणांहून पुष्कळ अधिक. पोट भरण्याची मारामार असलेल्या मुलखात हे काही लहानसहान दान नव्हते. तरी लोकांचे मन तिच्यावर बसले नाही.

माझी आजी या अविश्वासाची पुढारीण होती. १९८५ च्या सुमारास घरात हायब्रीडचे पीठ आले, की परातीत हात घालण्याआधीच तिच्या कपाळाला आठी पडे. "भाकर थापताना चिरती. हात खोटं बोलत नसतो," असे ती म्हणे. आणि तिचे खरेच होते. लवकर तयार होणारे हे खरिपाचे पीक पावसात सापडे, दाण्यावर बुरशी चढून तो काळा पडे. मग पिठाला गोडी कुठून यावी? धाट बुटके, म्हणून बैलांना कडबा तोकडा. बी मात्र दर वर्षी विकत आणायचे, कारण घरचे बी पेरले तर पुढचे पीक एकसारखे येत नाही. पुढे कृषिशास्त्रज्ञांनीही बुरशी आणि कडबा हेच प्रश्न हाती घेतले. रब्बीच्या मालदांडीची भाकरी आजही आमच्याकडे मानाने खाल्ली जाते.

पण हीच आजी असेही म्हणे, "हे खाऊन पोरं पोचट निघतील." हे तिने कुठे पाहिले होते? कुठेच नाही. आळीतल्या पोरांना दोन्ही वेळा पोटभर मिळू लागले होते, ते मात्र समोर असून तिला दिसले नाही. एकाच तोंडून निघालेल्या या दोन शंका; पण एक परातीतून आली होती आणि दुसरी पारावरून.

मग शंका घेणे हा गुण म्हणावा की दोष? शाळेत मी मुलांना सांगतो, "मास्तरांचेही आंधळेपणाने ऐकू नका." हे शिकवताना माझी छाती जरा फुगतेच. पण शंका घेणाऱ्यावरही काही जबाबदारी असते, हे मला फार उशिरा कळले.

मार्च २०२१ मध्ये साठीपुढच्या सर्वांसाठी करोनाची लस सुरू झाली. आमच्या शेजारचे अण्णा ओट्यावर येऊन म्हणाले, "गुरुजी, घ्यावी का हो लस?" मी काही वाचले नव्हते, कोणा डॉक्टरला विचारले नव्हते. तरी विचारवंताचा आव आणून म्हणालो, "थांबू या थोडे. एवढी घाई काय आहे?" अण्णा माझ्या शब्दावर थांबले. एप्रिलच्या लाटेत ते आजारी पडले आणि वीस दिवस प्राणवायूवर काढून घरी परतले. लस घेतली असती तर आजार शिवलाच नसता, असे मी म्हणत नाही. पण जिवावर बेतण्याचा धोका कमी झाला असता, एवढे नक्की.

आजीने निदान भाकरी थापून पाहिली होती. मी तेवढेही केले नव्हते. शंका ही शेजाऱ्याकडून उसन्या आणलेल्या पायलीभर धान्यासारखी आहे. ती घेण्यात कमीपणा नाही. पण चौकशी करून, उत्तर शोधून ती फेडावी लागते. आणि उत्तर आपल्या मनाविरुद्ध आले तरी ते पदरात घ्यावे लागते. आपण फेडले नाही, तर तिचे व्याज भलत्याच माणसाला भरावे लागते.

अण्णा दर दिवाळीला फराळाला येतात. ओट्याच्या तीन पायऱ्या चढताना मध्येच थांबून श्वास घेतात आणि हसून म्हणतात, "गुरुजी, हायब्रीड झालो की हो!" त्यांनी मला कधी बोल लावला नाही. मी पुढे होऊन त्यांचा हात धरतो.