वाढवावे आणि मोकळे करावे

कोणत्याही कार्याचे मोल आपण बहुधा ते करणाऱ्याच्या नावावरून ठरवितो. शोध लागला की शोधकाचा गौरव होतो आणि तो उचितच आहे. परंतु ज्याने त्या शोधकासाठी जागा मिळविली, पैसा उभा केला, उपकरणे आणली आणि पहिल्या अपयशाच्या वेळी त्याला धीर दिला, त्याच्या श्रमाचे नैतिक स्थान कोणते? ‘केवळ व्यवस्थापक’ म्हणून त्याची बोळवण करावी काय? विषाणूजन्य कर्करोगांच्या संशोधनाचे क्षेत्र समोर ठेवून या प्रश्नाचा विचार करावा, असे आम्हांला वाटते.

या क्षेत्राचा इतिहास धीराचा आहे. कोंबड्यांमधील एक प्रकारची कर्करोगाची गाठ विषाणूमुळे होते, हे पेटन राउस यांनी १९११ साली न्यूयॉर्क येथे दाखविले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. १९६४ साली लंडनमध्ये एप्स्टाइन, आचाँग आणि बार या तिघांनी आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यात होणाऱ्या गाठीच्या पेशींत एक नवा विषाणू पाहिला. शोधनिबंधावर नावे तिघांची होती. विषाणूला मात्र एप्स्टाइन आणि बार या दोघांचेच नाव चिकटले. श्रेयाची वाटणी किती लहरी असते, हे यावरून कळावे.

आता एका केंद्राकडे वळू. अमेरिकेतील ज्या राज्यांच्या वाट्याला संशोधनाचा सरकारी पैसा फारच थोडा येत असे, त्यांच्यासाठी तेथील नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या संस्थेने २००० साली एक योजना सुरू केली. त्याच वर्षी तिच्या आधारे नेब्रास्का या शेतीप्रधान राज्यात विषाणुशास्त्राचे एक केंद्र उभे राहिले. राज्याच्या विद्यापीठाची लिंकन येथील शाखा, ओमाहा येथील वैद्यकीय शाखा आणि येशूसंघीयांचे क्रेटन विद्यापीठ यांना त्याने एकत्र आणले. केंद्राची धुरा चार्ल्स वुड यांनी वाहिली. त्यांचा स्वतःचा अभ्यासविषय म्हणजे कापोसी सार्कोमा या कर्करोगास कारण होणारा, १९९४ साली उजेडात आलेला विषाणू. त्यासाठी झांबियातील माता आणि बालके यांच्यामध्ये त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि तेथील तरुण संशोधकांनाही शिक्षण दिले.

अशा केंद्राची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. नुकतीच स्वतंत्र कामाला सुरुवात केलेले मोजके शास्त्रज्ञ निवडले जातात. प्रत्येकाला एक अनुभवी मार्गदर्शक मिळतो. महागडी उपकरणे सामाईक असतात. बाहेरचे सल्लागार येऊन कामाची परखड तपासणी करतात. आणि त्या तरुणाला स्वतःच्या बळावर मोठे अनुदान मिळाले की तो केंद्राच्या आधारातून बाहेर पडतो. त्याची जागा दुसऱ्या नवोदिताला दिली जाते. माणसे आपल्याला सोडून किती समर्थपणे बाहेर पडली, यावरून येथे यश मोजले जाते. आईबापांना हा हिशेब नवा नाही. संस्थांना मात्र तो जड जातो.

तो जड का जातो? ज्येष्ठाच्या हाती पैसा, उपकरणे, वेळ आणि नाव असते. यांतील प्रत्येक गोष्ट तरुणाला उभे करू शकते, तशीच बांधूनही ठेवू शकते. त्याच्यावर शिकविण्याचा आणि समित्यांचा इतका भार टाकता येतो की त्याचा स्वतःचा प्रश्न कोमेजून जावा. त्याच्या हातांनी आपलाच प्रश्न सोडवून घेता येतो. हे सारे नियमात बसते. म्हणूनच येथे नियमाहून अधिक विवेकाची गरज असते.

हॅराल्ड त्सूर हाउझेन यांचे उदाहरण बोलके आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा संशय नागीण गटातील विषाणूवर घेतला जात असताना ते मस उत्पन्न करणाऱ्या पॅपिलोमा विषाणूंकडे बोट दाखवीत राहिले. १९८३ आणि १९८४ साली त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी त्या कर्करोगाच्या गाठींत पॅपिलोमा विषाणूचे दोन प्रकार शोधून काढले. त्या निबंधांवर पहिली नावे ड्युर्स्ट आणि बोशार्ट या तरुणांची आहेत. विषाणूची जनुकीय सामग्री त्यांनी कुलपात ठेवली नाही. इतर प्रयोगशाळांना मोकळ्या हाताने दिली. पुढे २००६ साली लस आली. त्सूर हाउझेन यांनी १९८३ ते २००३ अशी वीस वर्षे हायडेलबर्ग येथील जर्मन कर्करोग संशोधन केंद्राचा कारभारही सांभाळला. शोध आणि व्यवस्था यांत उच्चनीच मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आपल्या मुंबईतही हे व्रत पाळले गेले आहे. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे या डॉ. वसंत खानोलकरांच्या शिष्या. उंदरांमधील स्तनांच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा वाटा किती, याचा त्यांनी अभ्यास केला. १९६६ ते १९७० या काळात भारतीय कर्करोग संशोधन केंद्राची सूत्रे त्यांच्याकडे होती. परदेशी गेलेल्या तरुणांना मायदेशी येऊन काम करण्याचा त्या आग्रह करीत आणि १९७३ साली त्यांनी स्त्री वैज्ञानिकांची संघटना उभारली. मोकळे करणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे, हे त्यांच्या जीवनावरून दिसते.

येथे कोणी विचारील, ज्या राज्याने खर्च केला त्याला सोडून तो शास्त्रज्ञ अन्यत्र गेला, तर हा करदात्यांवर अन्याय नव्हे काय? आक्षेप पोकळ नाही. पैशाचा चोख हिशेब देणे हे व्यवस्थापकाचे कर्तव्यच आहे. परंतु संशोधन ज्याच्यासाठी चालते तो रुग्ण आहे, संस्था नव्हे. लुसाकाच्या रुग्णालयात परतलेला शास्त्रज्ञ लिंकनच्या खात्यावर वजा आणि मानवतेच्या खात्यावर जमा होतो. बेरीज कोणत्या वहीत करायची, एवढाच प्रश्न उरतो.

दुसरी सावधगिरी मृदुपणाबाबत. नवोदिताला वाढविणे म्हणजे त्याची सतत स्तुती करणे नव्हे. जागा थोड्या असतात. एकाला ‘होय’ म्हणताना अनेकांना ‘नाही’ म्हणावे लागते. कच्च्या निष्कर्षाला ‘छान’ म्हणून पुढे पाठविणारा मार्गदर्शक त्या तरुणाची फसवणूक करतो आणि उपचारांची वाट पाहणाऱ्या स्त्रीचीही. तसेच तरुणाच्या प्रयोगाने ज्येष्ठाचे मत खोटे ठरविले, तर ज्येष्ठाने ते आनंदाने स्वीकारले पाहिजे. आपला शिष्य आपल्याशी केव्हा असहमत होऊ शकला, हे त्याला आठवत असेल, तर त्याचे केंद्र निरोगी आहे असे खुशाल समजावे.

तेव्हा ‘केवळ व्यवस्थापक’ हा शब्दप्रयोग आपण सोडून द्यावा, अशी आमची विनंती आहे. अधिकार हाती असताना तो दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी खर्च करणे, हे शोध लावण्याइतकेच अवघड कर्म आहे. आपल्या कुटुंबांतील मुलेमुली आज प्रयोगशाळांत, रुग्णालयांत आणि कार्यालयांत जबाबदारीच्या जागी पोहोचत आहेत. ती सुटीत घरी आली म्हणजे पगार आणि पदोन्नती यांची चौकशी आपण करतोच. हाताखालच्या कोणाला त्यांनी यंदा पुढे आणले, हेही एकदा विचारावे.