रूपांतराचा हक्क आणि विश्वस्ताचे कर्तव्य

एखाद्या कादंबरीवरून, नाटकावरून किंवा आत्मकथनावरून चित्रपट काढण्यासाठी निर्माता लेखकाकडून अथवा त्याच्या वारसांकडून जी कायदेशीर अनुमती मिळवतो, तिला रूपांतराचा हक्क म्हणतात. करारावर सह्या झाल्यानंतर या हक्काबरोबर नेमके काय दुसऱ्याचे होते आणि काय मूळ कर्त्यापाशीच राहते, हा प्रश्न कायद्यापुरता मर्यादित नाही; शब्दावर माणसाची मालकी असू शकते काय, असा धर्मविचारातील जुना प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

१९५७ च्या भारतीय प्रताधिकार कायद्याने, म्हणजे कृतीच्या प्रती, प्रयोग व रूपांतरे यांवर कर्त्याला हक्क देणाऱ्या कायद्याने, या प्रश्नाचे अंशतः उत्तर दिले आहे. हस्तांतरण लेखी असावे लागते, करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, आणि साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या ‘श्यामची आई’वरील प्रताधिकार २०१० च्या अखेरीस संपला, आचार्य अत्रे यांचा १९५३ चा चित्रपट या मुदतीच्या आत निघाला, तर २०२३ चा त्याच नावाचा चित्रपट ती संपल्यानंतर आला. कल्पनेवर मात्र कोणाचीच मालकी नसते, तिच्या विशिष्ट अभिव्यक्तीवर असते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात स्पष्ट केले.

याच कायद्याचे ५७ वे कलम अधिक खोलात जाते. हक्क विकल्यानंतरही कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा आणणारे तिचे विरूपण रोखण्याचा अधिकार लेखकाकडे उरतो. त्याला नैतिक हक्क म्हणतात. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरील चित्रपटाच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये हे संरक्षण चित्रपट-रूपांतरालाही लागू केले. कृतीत विकता न येणारे काहीतरी असते, याची ही कायद्याने दिलेली कबुलीच होय.

या कबुलीमागचा विचार धर्मसंस्थांना पूर्वीपासून परिचित आहे. छत्रपती संभाजीनगरच्या शहागंज भागातील अठराव्या शतकातील मशीद ज्या चौथऱ्यावर उभी आहे, त्याला तीन बाजूंनी दुकाने जोडलेली आहेत, आणि अशा वास्तूंची व्यवस्था ज्या तत्त्वावर चालते ते वक्फचे, म्हणजे ईश्वरप्रीत्यर्थ कायमच्या समर्पणाचे, तत्त्व आहे. समर्पणानंतर दात्याची मालकी संपते. व्यवस्था पाहणारा मुतवल्ली भाडे घेऊ शकतो, डागडुजी करू शकतो, परंतु समर्पणाचा हेतू बदलू शकत नाही. देवस्थानाच्या मालमत्तेचा मालक देव आणि वहिवाटदार केवळ व्यवस्थापक, ही हिंदू परंपरेतील धारणाही हेच सांगते. भोग घेण्याचा अधिकार आणि हेतू बदलण्याचा अधिकार हे दोन वेगळे अधिकार आहेत, हा भेद रूपांतराच्या हक्कालाही तंतोतंत लागू पडतो.

याच जिल्ह्यातील पैठण येथे संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तिच्या पाठात स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो, असा इशारा देऊन ठेवला. तेव्हा ज्ञानदेवांचा कोणी वारस हक्क सांगायला आलेला नव्हता, तरीही हे बंधन एकनाथांनी आधी स्वतःवर घातले. तेच एकनाथ भागवताच्या एकादश स्कंधावर विस्तृत मराठी टीका लिहिताना पूर्ण मोकळेपणाने वागतात, कारण तेथील शब्द त्यांच्या स्वतःच्या नावाने उभा आहे. ज्ञानेश्वरी हीसुद्धा गीतेवरील टीकाच आहे. म्हणून मुळाला हात लावूच नये, असा निष्कर्ष या परंपरेतून निघत नाही. नवे बोलावे, पण ते स्वतःच्या मुद्रेने बोलावे, दुसऱ्याच्या मुखी घालू नये, असा तिचा नियम आहे.

चित्रपटात हा नियम पाळणे सर्वांत कठीण जाते, कारण पडद्यावर मूळ वचन आणि नवी भर एकाच आवाजात ऐकू येतात. प्रभात फिल्म कंपनीच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’साठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गीत पुढे अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. त्यात कायद्याचा भंग नव्हता, फसवणुकीचा हेतू नव्हता आणि गीताची प्रासादिकताही निर्विवाद आहे. तरी दोन कर्त्यांमधील सीमा लोकस्मृतीत पुसली गेली, आणि त्यात तुकोबांवर न लिहिलेल्या शब्दाचे ओझे आले, तर आठवल्यांचे श्रेय झाकले गेले.

म्हणून ज्या कृतीचा प्रताधिकार संपला आहे तिच्याबाबत रूपांतरकाराचे कर्तव्य कमी होत नाही, उलट वाढते, कारण तेथे जाब विचारणारा वारस उरलेला नसतो. मूल्य देऊन घेतलेला हक्क बदल करण्याची मोकळीक देतो. आपला शब्द दुसऱ्याच्या नावावर खपवण्याची मोकळीक कोणताही करार देऊ शकत नाही. रूपांतरकार हा कृतीचा मालक नसून विश्वस्त आहे, आणि आपण कोठे काय बदलले हे प्रेक्षकाला निःसंदिग्धपणे सांगणे हे त्याचे पहिले कर्तव्य आहे.