मंगळवारी प्रिंट निघत नाही

उबुंटू लिनक्सच्या बग-नोंदींमध्ये २००८ सालची एक तक्रार आहे: ओपनऑफिसमधून मंगळवारी प्रिंट निघत नाही. इतर दिवशी निघते, मंगळवारी नाही. आमच्या क्षेत्रात हा किस्सा चहाच्या टपरीवर रंगवून सांगतात. मीही सांगितलाय, आणि पोट धरून हसलोय.

पण तक्रार खरी होती. एका वापरकर्त्याच्या बायकोच्या हे लक्षात आलं होतं आणि तिनं त्याला ते करून दाखवलं. कारण नंतर सापडलं. लिनक्समध्ये 'फाइल' नावाचा एक छोटा प्रोग्राम असतो. फाइलीच्या सुरुवातीची काही अक्षरं बघून तो तिचा प्रकार ओळखतो. त्याच्या एका नियमाची मांडणी चुकली होती. ठरावीक जागी मंगळवारच्या इंग्रजी नावाची पहिली तीन अक्षरं दिसली, की त्याला ती अर्लांग या प्रोग्रामिंग भाषेची फाइल वाटायची. छपाईसाठी तयार झालेल्या फाइलीत नेमक्या त्या जागी तारीख आणि वार येत होता. दोष प्रिंटरचा नव्हता, ओपनऑफिसचाही नव्हता.

हा किस्सा मला पाठ होता. तरी माझ्यावर वेळ आली तेव्हा तो उपयोगी पडला नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही काही पतसंस्थांसाठी लिनक्स सर्व्हरवर चालणारी एक व्यवस्था सांभाळत होतो. एका शाखेतल्या लिपिक मॅडमची तक्रार आली: ८ आणि ९ तारखेला रिपोर्ट येत नाही. माझ्यापर्यंत ती १२ तारखेला पोचली. मी रिपोर्ट काढला, व्यवस्थित निघाला. 'पुन्हा घडवून पाहिलं, घडत नाही' असा शेरा मारून तिकीट बंद केलं. मनातल्या मनात म्हणालो, बाई चुकीचं बटण दाबत असणार.

पुढच्या महिन्यात त्यांचा फोन आला. "सर, आज आठ तारीख आहे. आज बघा." त्या माझ्या आईच्या वयाच्या, तरी मला सर म्हणत होत्या. त्यांनी वहीत पाच महिन्यांच्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. मी बघितलं. रिपोर्ट नव्हता.

आमच्या बॅश स्क्रिप्टमध्ये तारखेचा आकडा घेऊन एक वजाबाकी होत होती. बॅशच्या गणितात शून्यानं सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीचा मानला जातो, आणि अष्टमान पद्धतीत आठ आणि नऊ हे अंकच नाहीत. ०१ ते ०७ चालतात, १० पासून पुढे शून्यच नसतं. अडतात फक्त ०८ आणि ०९. दुरुस्ती एका उणे चिन्हाची होती. ते दोन दिवस दर महिन्याला त्या रात्री उशिरापर्यंत बसून हातानं आकडेमोड करत होत्या.

चूक कोडमध्ये होती हे ठीक, कोडमध्ये चुका होतातच. मला टोचलं ते वेगळं. हीच तक्रार एखाद्या सीनियरनं नीट इंग्रजीत, लॉग जोडून पाठवली असती, तर मी ती दहा मिनिटांत बंद केली असती का? नाही. तत्त्वज्ञ मिरांडा फ्रिकर यांनी २००७ च्या 'एपिस्टेमिक इनजस्टिस' या पुस्तकात याच अन्यायाबद्दल लिहिलंय: सांगणारा कोण आहे हे बघून त्याच्या शब्दाची किंमत कमी धरणं. मी पुरावा तपासला असं मला वाटत होतं. खरं तर मी माणूस तपासला होता.

मग प्रत्येक तक्रार खरी मानायची का? तेही परवडत नाही. लिनक्सचे कितीतरी भाग एकेक माणूस फुकट, रात्री जागून सांभाळतो. एक्सझेड या लायब्ररीचा सांभाळकर्ता असाच एकटा होता. काम हळू चालतंय म्हणून त्याच्यामागे तगादा लावला गेला. त्यातली काही खाती बनावट असावीत असा आज संशय आहे. शेवटी त्यानं ज्याला मदतीला घेतलं, त्यानंच चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ ला तो उघड झाला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचनं लॉगिन करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि त्यानं ते सोडून दिलं नाही.

या एकाच गोष्टीत दोन प्रकारची माणसं आहेत. एक 'लवकर करा' म्हणत होती. दुसरा 'मला असं दिसलं' म्हणत होता. मला वाटतं, आपलं कर्तव्य इथे विभागलं जातं. मागणी नाकारता येते. कारणाबद्दलचा अंदाज चुकू शकतो. प्रिंटर मंगळवारचा उपास धरत नाही. पण समोरच्यानं जे पाहिलं, ते खोटं ठरवायचं असेल तर त्याच्या जागी, त्याच्या दिवशी जाऊन बघावं लागतं. मी १२ तारखेला बघून ८ तारखेबद्दल निकाल दिला होता. वेळ नसेल तर 'अजून कळलं नाही' असं लिहून तिकीट उघडं ठेवता येतं. त्याला काहीच पैसे पडत नाहीत, फक्त आपला तोरा थोडा कमी होतो.

आणि दुसरी बाजू आपली, वापरणाऱ्यांची. आपण अडचणीवर जुगाड शोधतो, रीस्टार्ट करतो, पुढे जातो. मॅडमनी वही ठेवली नसती तर पुढच्या शाखेतली कोणीतरी तशीच रात्री बसली असती.

दुरुस्ती झाल्यावर मी फोन करून माफी मागितली. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे माझं चुकत नव्हतं ना, सर? तेवढं साहेबांना मेलवर लिहून द्याल?"

पाच महिने शाखेतही सगळ्यांना तेच वाटत होतं, जे मला वाटलं होतं. मी मेल लिहिला. तिकिटावरचा माझा जुना शेरा मात्र मी पुसलेला नाही.