मेनन उपनगरांचे का राहिले नाहीत?

वाकोल्यात आज व्ही. के. कृष्ण मेनन हे नाव ओळखणारे फारसे सापडणार नाहीत. पण 1957 ते 1967 ही दहा वर्षं मुंबईच्या उपनगरांचा उत्तर मुंबई मतदारसंघ त्यांच्याकडे होता. वाकोला-कलिन्याचा हा भाग, म्हणजे जुनं कोले कल्याण: ईस्ट इंडियनांची गावठाणं, सेंट अँथनीचं चर्च, वाढत्या चाळी, शेजारी लष्कराची छावणी. कालिकतचा एक मल्याळी माणूस उपनगरांतून इतक्या सहज निवडून येतो आणि दहा वर्षांनी ‘परका’ म्हणून पडतो, हे मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतलं सर्वांत विचार करण्याजोगं प्रकरण वाटतं.

1957 च्या जानेवारीत त्यांनी सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळपास आठ तास भाषण केलं होतं. संयुक्त महाराष्ट्राची लाट तेव्हा ऐन भरात होती आणि काँग्रेसचे भलेभले आडवे होत होते, तरी मेनन काँग्रेसच्याच तिकिटावर जिंकले. खासदार म्हणजे देशाचा माणूस, त्याचं गाव कुठलं हे कशाला विचारायचं, असा तेव्हाचा रिवाज. 1962 ला तर गंमतच झाली. समोर आचार्य कृपलानी, म्हणजे सिंधी. दोघांपैकी मुंबईचा एकही नाही. गोवा नुकतंच मुक्त झालं होतं, नेहरूंच्या शब्दावरून दिलीपकुमार प्रचाराला उतरले होते, अमेरिकेच्या ‘टाइम’ने मेनन यांना मुखपृष्ठावर घेतलं होतं. भांडण चीनवरून, अमेरिका-रशियावरून. मेनन सुमारे 1 लाख 45 हजार मतांनी निवडून आले. या प्रचारात गटाराचा प्रश्न कुणी काढला असेल, तर तो त्या गदारोळात बुडाला.

मग ऑक्टोबरात चीनने हल्ला केला. मेनन यांना संरक्षणमंत्रिपदावरून जावं लागलं आणि त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हापासून आपल्या तोंडी बसलं. त्या अभिमानात काही वावगं नव्हतं. पण दिल्लीतल्या मोठ्या माणसांवर डोळे मिटून विश्वास टाकायचे दिवस संपले, याचीही ती खूण होती असं मला वाटतं.

1967 मध्ये स. का. पाटलांच्या मुंबई काँग्रेसने मेनन बाहेरचे म्हणून त्यांना तिकीट नाकारलं. सलग दोनदा निवडून आणल्यावर हा साक्षात्कार! मेनन पक्ष सोडून ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. समोर स. गो. बर्वे: आयसीएसमधला कर्तबगार अधिकारी, पानशेतच्या पुरानंतर पुणं सावरणारा माणूस. वर्षही पूर्ण न झालेल्या शिवसेनेनेही मेनन यांच्याविरुद्ध रान उठवलं. मेनन सुमारे 13 हजार मतांनी पडले. बर्वे लगेचच वारले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांना हरवलं.

म्हणजे मराठी-अमराठी हेच कारण, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्याच निवडणुकीत, याच शहरात, दक्षिण मुंबईत मंगळूरच्या जॉर्ज फर्नांडिस यांनी खुद्द स. का. पाटलांना पाडलं. पाटील सिंधुदुर्गातले, मुंबईचे सम्राट म्हणवले जाणारे. जॉर्जना कुणी परकं म्हटलं असतं, तरी टॅक्सीवाल्यांनी आणि पालिका कामगारांनी ते ऐकून घेतलं नसतं. जॉर्ज त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर होते.

मेनन यांना ही विद्या येत नव्हती असंही नाही. लंडनच्या सेंट पँक्रासमध्ये 1934 ते 1947 ते नगरसेवक होते. तिथे त्यांनी वाचनालयांचं काम इतकं मन लावून केलं की पुढे त्या बरोने त्यांना आपला सन्माननीय नागरिक केलं. गोऱ्यांच्या वस्तीत काळा माणूस आपला झाला, तो अशा बारक्यासारक्या कामांतून. उपनगरांत मात्र त्यांनी ते केलं नाही. इथे ते जगाचे नेते म्हणून आले आणि तसेच राहिले. त्याच सुमाराला गोरेगावात मृणाल गोरे नळाच्या पाण्यासाठी बायकांचे मोर्चे काढत होत्या. 1977 मध्ये उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठवलं. आणि भाषेचा प्रश्न मराठीच्या बाजूने कायमचा निकालात निघाला असं मानावं, तर त्याच वर्षी वायव्य मुंबईने सिंधी राम जेठमलानींना निवडलं, 1984 ला पंजाबी सुनील दत्त यांना. ‘परका’ हे हत्यार ज्याच्या पायाखाली जमीन नसते त्याच्यावरच चालतं. मेनन यांच्यावर ते चाललं, याचा दोष मी निम्मा तरी मेनन यांनाच देईन. उरलेला निम्मा पाटलांचा, कारण त्यांनी ते सोयीने उपसलं.

1969 ला बंगालमधल्या मिदनापूरने आणि 1971 ला त्रिवेंद्रमने मेनन यांना पुन्हा लोकसभेत पाठवलं. 6 ऑक्टोबर 1974 ला ते गेले, तेव्हा ते त्रिवेंद्रमचे खासदार होते. कुर्ला पूर्वेला रस्ता आहे, तो स. गो. बर्वे यांच्या नावाचा.