अभय द्यावे कसे?

अभय ही देण्याची वस्तू आहे, असे आपली भाषा मानते. आपण ‘अभयदान’ म्हणतो. ‘धैर्यदान’ असा शब्द आपल्याकडे नाही. धैर्य ज्याचे त्याने मिळवावयाचे, अभय मात्र दुसऱ्याकडून लाभते. या भेदाचा विचार आम्हांस करावा लागला तो एका कुत्रीमुळे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात भैरवगडच्या रस्त्यावर ती जखमी पडलेली दिसली आणि आम्ही तिला घरी आणले. पायाची जखम तीन आठवड्यांत भरली. भीती मात्र भरून येईना. कुकरची शिट्टी झाली की ती पलंगाखाली शिरे. मिक्सर लागला की थरथरे. हातून एखादी वाटी पडली, तर दिवसभर अन्नाला तोंड लावीत नसे. देवघरातील घंटेने तर ती मोरीत जाऊन बसे.

काळभैरवाच्या या नगरीत श्वानाला मान आहे; तो भैरवाचे वाहन. शिंद्यांच्या काळापासून माळव्यात स्थिरावलेल्या आपल्या घरांतून पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथाही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण ही सारी भुकेची उत्तरे झाली. भुकेल्याला पोळी घालता येते. भ्यालेल्याला काय घालावे?

महाभारताच्या आदिपर्वात सरमेची कथा येते. जनमेजयाच्या सत्रात तिचा पुत्र सहज येतो आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. त्याने हविर्द्रव्याला तोंड लावलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. माझ्या मुलाचा अपराध कोणता, या सरमेच्या प्रश्नाला कोणीही उत्तर देत नाही. तेव्हा ती शापते, तो मृत्यूचा नव्हे, दारिद्र्याचाही नव्हे. न दिसणारे भय तुझ्यावर येईल, एवढाच. आम्हांस वाटते, निरपराध जीवाला मारणारा त्याच्या पदरी नेमके हेच टाकीत असतो. वळ दिसतो आणि जातो. भय दिसत नाही, म्हणून राहते.

आमच्या हातूनही प्रारंभी चूक घडली. ‘सवय होईल’ म्हणून आम्ही तिला साखळीने धरून चालू मिक्सरजवळ बसविले. परिणाम असा की, ओट्याशी कोणी नुसते उभे राहिले तरी ती पळू लागली. माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा ध्वनी टिपतो, कुत्र्याचा सुमारे ४५,०००पर्यंत. शिवाय जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंत पिल्लू जगाशी सहज परिचय करून घेते. त्या काळात जे कानी पडले नाही, ते पुढे सहसा परकेच वाटते. आमच्या लेखी जो स्वयंपाक होता, तो तिच्या लेखी हल्ला होता.

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका लहान मुलाची सशाविषयीची भीती घालविल्याची हकिगत प्रसिद्ध केली. मूल आवडीचे खात असता ससा दूर ठेवावयाचा आणि ते स्वस्थ राहील तेवढाच पुढे सरकवावयाचा. आजही प्राण्यांच्या बाबतीत हाच मार्ग सांगितला जातो. आम्ही तो धरला. पण घंटेपाशी अडलो. घंटा हा आजींचा नित्यनेम. एका मुक्या जीवासाठी वृद्धेने आपला नेम सोडावा, असे सांगण्याचा अधिकार आम्हांस होता काय? आम्ही काही बोललो नाही. आजींनीच एके दिवशी घंटेच्या लोलकाला फडके गुंडाळले. “देवाला ऐकू येतं,” एवढेच म्हणाल्या. ती पोळीचा तुकडा खात असे आणि फडक्याचा एकेक वेढा दर पंधरवड्याला कमी होई.

तरीही एक शंका उरते. तिचे भय आम्ही तिच्यासाठी घालवीत होतो, की आमच्या सोयीसाठी? १९७६ साली प्राणिमात्रांविषयीची करुणा राज्यघटनेच्या मूलभूत कर्तव्यांत आली. पण करुणा कोठे संपते आणि आपला हट्ट कोठे सुरू होतो, हे कायदा सांगू शकत नाही. आम्हांस एकच कसोटी सापडली: दार उघडे आहे काय? साखळी होती तेव्हा आम्ही तिच्याकडे धैर्य मागत होतो. दार उघडे ठेवले आणि निघून जाण्याची तिला मोकळीक मिळाली, तेव्हा प्रथमच आम्ही तिला काही दिले.

आता घंटेवर फडके नाही. ती देवघराच्या उंबऱ्याशी बसते. श्रावणातल्या महाकालाच्या सवारीचे ढोल ऐकू आले किंवा दिवाळीचे फटाके वाजले, की आजही पलंगाखाली जाते. आम्ही तिला ओढून बाहेर काढीत नाही. घरातले कोणीतरी शेजारी जमिनीवर बसते. आजी मात्र घंटा उचलण्यापूर्वी रोज एकदा मागे वळून पाहतात. पूजेला त्याने क्षणभर उशीर होतो. तो क्षणही पूजेतलाच, असे आम्ही मानू लागलो आहोत.